सेल नाहीये हो माझ्या घड्याळात!

दर सोमवारी तेच. 8:10 ची लोकल गाठायची धावपळ, आणि मनगटावर रविवारचे 11. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं, 40 तास चाललं, थांबलं. त्याचं काही चुकलं नाही. ऑटोमॅटिक आहे, हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. घरी कणीक मळताना, भांडी घासताना कोण घालणार? मग आठ-दहा दिवसांतून एकदा ऑफिसात कोणीतरी म्हणतंच, "अगं, सेल टाकून घे ना, शंभर रुपयांचं काम!"

सेल नाही. नाही म्हणजे नाही!

दुकानात तर कहरच. "लेडीजमध्ये ऑटोमॅटिक?" असं विचारतात, जणू मी बाळाच्या बारशाला ट्रॅक्टर मागितला. मग खडे लावलेली, गुलाबी डायलची, सेलवाली दहा घड्याळं काउंटरवर. मला साधं स्टीलचं, रोज घालायचं, पावसात भिजलं तरी चालेल असं हवं होतं. पुरुषांच्या ट्रेमध्ये तसली रांगच होती, पण माझ्या मनगटावर ती वाटीसारखी दिसतात. शेवटी मिळालं, पट्ट्याच्या चार कड्या काढून.

आईच्या एचएमटी सुजाता घड्याळाला ती रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची. तिला कोणी "सेल बदल" म्हटलं नाही. आणि हो, 30 चे महिने! घड्याळ प्रत्येक महिना 31 चाच धरतं, म्हणून पुढच्या 1 तारखेला ते 31 तारीख दाखवतं, तेव्हा पुन्हा तोच शेजारच्या टेबलावरचा आवाज: "बिघडलंय वाटतं?"