दहा हजार तासांचा हिशेब कुठे चुकतो

‘कोणत्याही कौशल्यासाठी दहा हजार तास द्या, प्रभुत्व कोणालाही हमखास मिळेल, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. कष्टांना मान देणारे विधान असल्याने ते चटकन पटते. मात्र त्यातला जवळपास प्रत्येक शब्द तपासून घ्यावा लागतो, कारण त्यावर विसंबून माणसे आपली उमेदीची वर्षे खर्च करतात.

प्रथम आकड्याविषयी. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधील संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या घरात होती. ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. त्या गटातले कित्येक जण तिच्या खालीच होते, आणि विशीतले हे वादक अजून विद्यार्थीच होते. 2008 साली आलेल्या एका लोकप्रिय पुस्तकाने या सरासरीचा नियम केला आणि तो जगभर पसरला. खुद्द एरिक्सन यांनी त्याला आक्षेप घेतला होता, ही गोष्ट मात्र त्या मजकुराबरोबर कधीच फिरत नाही.

‘कोणालाही’ हा दावाही टिकत नाही. बुद्धिबळपटूंच्या 2007 सालच्या एका अभ्यासात मास्टर दर्जा गाठायला एका खेळाडूला सुमारे 3 हजार तास पुरले, तर दुसऱ्याला 23 हजारांहून अधिक लागले. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या 2014 सालच्या विश्लेषणानुसार व्यक्ती-व्यक्तींच्या कामगिरीत दिसणाऱ्या फरकापैकी संगीतात सुमारे 21 टक्के आणि खेळांत 18 टक्के भाग सरावाने उलगडतो. हा वाटा मोठा आहे, पण पूर्ण नाही. एवढ्यावरून सराव व्यर्थ ठरवणारेही तितकेच चुकतात.

सर्वांत घातक चूक मला वाटते ती ‘तास द्या’ या शब्दांत आहे. तास आपोआप साठत नाहीत. येणारी धून रोज तासभर वाजवणारा आणि अडणारे दोनच स्वर निम्म्या लयीत पुन्हा पुन्हा घोटून, नेमके कोणते बोट उशिरा पडते ते शोधणारा, या दोघांच्या वहीत तास सारखेच नोंदले जातात. वर्षभराने हात मात्र दुसऱ्याचाच बसलेला असतो.

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण 1980 साली एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातले आहे. एका सामान्य स्मरणशक्तीच्या विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने अंक वाचून दाखवले जात आणि तो ते त्याच क्रमाने परत सांगे. उत्तर बरोबर आले की पुढच्या खेपेस एक अंक वाढे, चुकले की एक कमी होई. त्यामुळे तो सतत स्वतःच्या मर्यादेच्या काठावरच राहिला. सुरुवातीला सात अंकांवर त्याची मजल संपत असे. तो धावपटू होता, म्हणून 3, 4, 9, 2 हे अंक आले की ‘मैलभर धावण्याची वेळ, 3 मिनिटे 49.2 सेकंद’ अशी त्यांची गाठ मारून ठेवू लागला आणि पुढे या गाठींचेही गट बांधू लागला. सुमारे वीस महिन्यांत, जेमतेम 230 तासांच्या सरावानंतर, तो 79 अंक बिनचूक सांगू लागला. दहा हजारांचा आकडा ऐकून सुरुवातच न करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावेसे वाटते.

‘एकदा तास भरले की प्रभुत्व आपले’ या समजुतीचे उत्तरही याच प्रयोगात आहे. त्याच विद्यार्थ्याला अंकांऐवजी अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा धावण्याच्या वेळांच्या गाठी तिथे बसेनात, आणि तो पुन्हा सुमारे सहा अक्षरांवर येऊन थांबला.