‘२१ दिवसांत वण गायब’ या मजकुराचा प्रतिवाद

सध्या एक मजकूर व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक समूहांतून जोरात फिरतो आहे. लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा कालवून वणावर चोळावा व तसेच अर्धा तास कोवळ्या उन्हात बसावे, रात्री व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून तिचे तेल जिरवावे, नवी जखम उघडी ठेवून तिच्यावर खपली धरू द्यावी, वण उंच वाढला असेल तर एकदाच कापून टाकावा, म्हणजे कितीही जुना वण २१ दिवसांत समूळ जातो आणि डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत, असा त्याचा सारांश आहे. माझ्या भाचीच्या हनुवटीवरचे टाके नुकतेच निघाले आहेत आणि तिच्या आईने हा मजकूर मला पाठवून ‘आजपासून सुरू करू का?’ असे विचारले. नुकत्याच भरलेल्या जखमेवर आम्ल चोळण्याचा सल्ला लोक न वाचता पुढे ढकलतात, तेव्हा सभ्य भाषेत उत्तर देणेही जड जाते.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) २च्या आसपास असतो, निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण ४.५ ते ५.५ आणि सोड्याच्या द्रावणाचा ८च्या वर. दोन्ही एकत्र केल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्याला ‘आतला मळ बाहेर पडतो’ म्हणणे हास्यास्पद आहे, पण त्यावर हसून सोडून देता आले असते. उन्हात बसण्याचा सल्ला मात्र तसा सोडून देता येत नाही. लिंबाच्या सालीत आणि पिळताना रसात उतरणाऱ्या तेलात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना तिथे सूर्यप्रकाशातील अतिनील ‘ए’ किरण पडले, तर त्वचेच्या पेशींना इजा होते, एकदोन दिवसांत लाली येते, कधी भाजल्यासारखे फोड उठतात आणि ते बसल्यावर गडद तपकिरी चट्टे उरतात, जे आठवडेच काय, महिनोन्महिने टिकतात. ऊन कोवळे असले तरी हे किरण त्यात असतातच. शिवाय ताजा वण उन्हाने असाही काळवंडतो, म्हणूनच तो कपड्याने झाकावा किंवा जखम पूर्ण भरल्यावर त्यावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. थोडक्यात, डाग घालवण्याच्या नावाखाली हा मजकूर डाग पाडण्याची कृती सांगतो आहे.

‘पण आमच्या ओळखीत एकीला गुण आला’ असे म्हणणारे खोटे बोलत असतील असे नाही. मुरूम किंवा किडा चावून गेल्यावर जो सपाट काळसर डाग उरतो, तो बहुधा केवळ रंगद्रव्याचा असतो आणि काही महिन्यांत आपोआप फिकटतो. त्या काळात लिंबू लावले असेल तर श्रेय लिंबाला मिळते. खरा वण त्वचेच्या आतल्या थरापर्यंत इजा पोहोचल्यावर, तिथे नव्या कोलॅजेनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाची) भर पडून तयार होतो. वरून चोळलेल्या रसाने ते कोलॅजेन विरघळत नाही.

व्हिटॅमिन ईच्या दाव्याची तपासणी २५ वर्षांपूर्वीच झालेली आहे. बाउमन आणि स्पेन्सर यांनी १९९९ साली ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढलेल्या रुग्णांच्या एकाच वणाच्या एका भागावर साधे मलम आणि दुसऱ्या भागावर त्याच मलमात व्हिटॅमिन ई मिसळून लावले गेले, आणि कुठे काय लावले आहे हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ९० टक्के रुग्णांत व्हिटॅमिन ईचा काही उपयोग झाला नाही किंवा वण अधिकच वाईट दिसू लागला, आणि ३३ टक्के रुग्णांना त्या जागी ॲलर्जीचा दाह झाला. रुग्ण अवघे १५ होते, हे मान्य. तरीही, प्रत्येक वणाची तुलना त्याच वणाशी केलेली असल्यामुळे हा पुरावा ‘माझ्या वहिनीला फरक पडला’ यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी : जखम पूर्ण भरल्यावर हलक्या हाताने केलेल्या मालिशीने काही वण मऊ होतात व खाज कमी होते. पण तो गुण बोटांच्या दाबाचा आहे आणि त्यासाठी साधी पेट्रोलियम जेली पुरते.

खपलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे १९६२ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आणि आजचे ड्रेसिंग त्याच तत्त्वावर चालते.

उंच वण कापण्याचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. मूळ जखमेच्या हद्दीतच राहणारा जाड वण वेगळा आणि ती हद्द ओलांडून पसरणारा केलॉइड वेगळा. कानाची पाळी, छाती, खांदे या ठिकाणी केलॉइडची प्रवृत्ती अधिक दिसते. तो नुसता कापला, तर निम्म्याच्या आसपास ते जवळजवळ सर्व रुग्णांत पुन्हा उगवल्याच्या नोंदी आहेत, आणि कधी तो आधीपेक्षा मोठा होतो. म्हणून शस्त्रक्रिया करायचीच झाली तर तिला स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची किंवा रेडिओथेरपीची जोड दिली जाते.

राहिला २१ दिवसांचा वायदा. तिसऱ्या आठवड्यात शरीर अजून कोलॅजेन रचतच असते. पुढच्या दोनतीन महिन्यांत वण बहुधा अधिक लाल व कडक होतो आणि तो निवायला वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. डॉक्टर उपाय लपवतात हेही खरे नाही. सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दिवसाचे १२ तास वा अधिक, निदान दोनतीन महिने वापरणे, जाड वणात चारसहा आठवड्यांच्या अंतराने ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन, लालीसाठी लेसर, आणि मुरमांच्या खड्ड्यांसाठी सबसिजन (खड्ड्याला खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवणे), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) किंवा फ्रॅक्शनल लेसर (सूक्ष्म ठिपक्यांत दिलेला लेसर) हे सारे उपाय ते उघडपणे सांगतात, आणि त्यांनी वण पुसला जात नाही, कमी दिसतो, हेही सांगतात. मात्र कोणता उपाय हे वण पाहिल्याखेरीज ठरत नाही. जाड वण ज्या स्टेरॉइडने बसतो, तेच मुरमाच्या खड्ड्यात टोचले तर त्वचा आणखी पातळ होऊन खड्डा खोल जाईल.