मुलींची फुटबॉल लीग म्हणजे "दहा दिवसांची जत्रा"? नाही भाऊ

आठवडाभर झाला, आमच्या जळगाव-धुळ्याच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "देशातली महिला फुटबॉल लीग म्हणजे दहा दिवसांची जत्रा, पैसा शून्य, गोल करतात परदेशी बायका, आपल्या खान्देशातल्या पोरींनी त्यात वर्ष घालवू नये." माझी पुतणी अमळनेरला खेळते, तिच्यासोबतच्या दोघींना घरच्यांनी हाच मेसेज दाखवून प्रॅक्टिस बंद करायला लावली, म्हणून बसलो लिहायला.

आधी जत्रेचं बोलू. पूर्वी हे बरंचसं खरं होतं, मी नाकारत नाही. 2017 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर पहिल्या इंडियन विमेन्स लीगची शेवटची फेरी झाली, सहा टीम, दोन-अडीच आठवड्यात खेळ खल्लास, मणिपूरची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकली. मग शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, दरवर्षी एका शहरात मांडव टाकायचा आणि उचलायचा. अशात एखाद्या पोरीचा घोटा मुरगळला की तिचं अख्खं वर्ष गेलं, आणि क्लबला तरी बाकीचे दहा महिने टीम सांभाळायची काय गरज? पण 2023-24 ला हे बदललं ना. सात टीम, प्रत्येकीशी एक मॅच आपल्या मैदानावर आणि एक त्यांच्या, म्हणजे प्रत्येक टीमला 12 मॅच. 2024-25 ला आठ टीम, 14 मॅच, महिनोन्महिने चालली. खाली दुसरी डिव्हिजनपण सुरू झाली, तिथून जिंकून वर येता येतं. मेसेज लिहिणारा 2017 लाच अडकलाय.

पैसा शून्य, हे तर चूकच. 2023 मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनने जाहीर केलं की वरच्या लीगमधल्या क्लबने किमान 10 भारतीय खेळाडूंशी वर्षाला कमीत कमी 3.20 लाखाचा करार करायचा. महिन्याला साडेसव्वीस हजाराच्या आसपास पडतात. हे कमी आहेत, मला मान्य आहे, पुरुषांच्या मानाने तर फारच कमी, आणि त्यावर भांडायलाच पाहिजे. पण आपल्याकडे बीएड झालेली पोरगी खासगी शाळेत किती पगारावर उभी राहते ते एकदा आठवून बघा आणि मग शून्य म्हणा.

परदेशी खेळाडू भरपूर गोल करतात हे खरंय, 2019-20 ला गोकुलम केरळा क्लबकडून खेळणारी नेपाळची सबित्रा भंडारी सगळ्यांना भारी पडली होती. पण त्याच्या आधीचे सलग दोन सीझन सगळ्यात जास्त गोल मणिपूरच्या बाला देवीचे होते, आणि 2020 मध्ये ती स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून खेळायला गेली. गोकुलमकडून खेळलेली मनीषा कल्याण 2022 मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, पहिली भारतीय. 2025 ला ईस्ट बंगाल क्लबने या लीगची ट्रॉफी घेतली तो विजयी गोल सौम्या गुगुलोथचा, तेलंगणातल्या निजामाबादकडची पोरगी. आणि त्याच टीमच्या संगीता बासफोरने 5 जुलै 2025 ला थायलंडला त्यांच्याच घरी दोन गोल मारले, 2-1 ने जिंकून भारत पहिल्यांदा क्वालिफायर, म्हणजे पात्रतेच्या मॅच, खेळून महिलांच्या आशिया कपला पोचला. खालून लीगचा आधार नसता तर हे झालं असतं का?

राहिलं खान्देशचं. आपली एकही टीम वर नाही, जवळपास खेळायला स्पर्धाही नाहीत, ही खरी अडचण आहे आणि त्यासाठी मोठ्यांनी खटपट करायला हवी, पोरींना घरी बसवून काय होणार? कोल्हापूरची टीम या लीगमध्ये खेळून आलीये, ते काही मुंबई-पुणं नाही.

एप्रिलात आमच्याकडे नऊ वाजता मैदानावर पाय ठेववत नाही, म्हणून या पोरी साडेपाचला निघतात. आजी दारात विचारते, "इतली सकायमा कोठे चालनी वं?" आणि पोरगी चालता चालता केळं सोलत सायकलवर बसते. चौदा पोरींत स्टडचे बूट नऊ जोड आहेत, अर्धा तास झाला की अदलाबदल, मोठा बूट आला की पुढे कापूस कोंबायचा. हे बघून मग ठरवा वेळ वाया जातोय की नाही.

त्या दोघींच्या घरी मी रविवारी जाणार आहे, वडिलांशी बोलायला. त्यांचे बूट अजून आमच्या ओट्यावरच आहेत.