दोन्ही पाय आतच हवेत

काल संध्याकाळी शेजारच्या आजोबांशी पुन्हा तोच वाद झाला. ते जन्मापासून क्लीव्हलंडचे, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, ब्राउन्सचे. मी सांगलीहून इथे येऊन ब्राउन्सचा झालो. टीव्हीवर एका रिसीव्हरने, म्हणजे फेकलेला चेंडू पकडणाऱ्या गड्याने, उंच उडी मारून चेंडू पकडला, डिफेंडरने त्याला हवेतच बाहेर ढकललं आणि रेफ्रीने कॅच नाकारला. आजोबा खुर्चीतून उठलेच. "ढकललं नसतं तर आतच पडला असता! जुना नियम परत आणा!" माझ्या मुलाचं वेगळंच. तो म्हणतो, शाळेत आणि कॉलेजात एक पाय आत पडला तरी कॅच देतात, मग एनएफएलमध्येच, म्हणजे व्यावसायिक लीगमध्येच, दोन कशाला? जेवणं होईपर्यंत हे चाललं. माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे, आणि ते घाईत सांगून पटत नाही, म्हणून इथे लिहितोय.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी आधी नियम सांगतो. एनएफएलमध्ये चेंडू हातात पक्का आल्यावर दोन्ही पाय मैदानाच्या आत टेकले पाहिजेत. गुडघा, कोपर, ढुंगण, हात सोडून शरीराचा कुठलाही भाग आत टेकला तर तो दोन पायांच्या बरोबरीचा. टेनिसमध्ये रेषेला लागलेला चेंडू आत धरतात, इथे उलटं आहे. मैदानाच्या कडेचा तो रुंद पांढरा पट्टा म्हणजेच बाहेर. बुटाचं टोक त्याला नुसतं लागलं तरी संपलं. त्यातही एक बारकावा आहे. चवड्याचं टोक गवतावर घासत नेलं तर पाय आत धरतात. पण पाऊल टाकताना चवडा आत पडला आणि त्याच ओघात टाच पांढऱ्यावर टेकली, तर तो पाय बाहेरचा.

आता आजोबांचा जुना नियम. २००७ च्या मोसमापर्यंत असं होतं की रिसीव्हर आत पडला असता, पण डिफेंडरच्या धक्क्याने बाहेर गेला, असं रेफ्रीला वाटलं तर तो कॅच देऊ शकत असे. २००८ च्या मोसमाआधी तो नियम काढून टाकला. काढण्याआधीच्या शेवटच्या मोसमात त्याचा सगळ्यात मोठा चटका बसला तो आम्हालाच.

२ डिसेंबर २००७. ॲरिझोनात कार्डिनल्सविरुद्ध सामना, आम्ही २७-२१ ने मागे, शेवटचा चेंडू. आमच्या डेरेक अँडरसनने ३७ यार्डांवरून एंड झोनमध्ये, म्हणजे जिथे चेंडू पकडला की सहा गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, फेकला आणि आमच्याच केलन विन्सलोने तो गर्दीतून पकडला. पकडला हे सगळ्यांनी पाहिलं. पण तो पडला बाहेर. धक्का लागला होता, त्याबद्दलही वाद नव्हता. रेफ्रींचं म्हणणं एवढंच की धक्का नसता तरी तो बाहेरच पडला असता. कॅच दिला असता तर २७-२७ आणि नंतरच्या एका गुणाच्या किकवर सामना आमचा. बरं, हा निर्णय रिप्लेवर तपासता येत नव्हता, कारण तपासणार काय? घडलेली गोष्ट कॅमेऱ्यात दिसते. न घडलेली कुठून दिसणार? त्या मोसमात ब्राउन्स १०-६ वर थांबले आणि प्लेऑफची, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीची, जागा हुकली. पुढची प्लेऑफ बघायला २०२० चा मोसम उजाडावा लागला. हे जे तेरा मोसम आम्ही काढले ते काय होतं, ते क्लीव्हलंडमध्ये राहणाऱ्याला विचारा.

आजोबांना वाटतं की तो नियम आपल्याला वाचवायला होता आणि रेफ्रीने त्याचा घात केला. मी ती फेक शंभर वेळा तरी पाहिली असेल. कधी वाटतं, आत पडला असता. कधी वाटतं, नाही. ब्राउन्सचा मी इतका कट्टर, तरी मला छातीठोक सांगता येत नाही. मग ज्याला एकदाच, एका क्षणात, वीस यार्डांवरून बघायचं आहे त्याच्या गळ्यात हा निर्णय कशाला बांधायचा? माझं दुखणं चुकीच्या निकालाचं नाहीच. ज्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं अशा प्रश्नावर आमचा मोसम गेला, हे मला आजही सलतं.

सांगलीकडच्यांना हे चटकन कळेल. कबड्डीत चढाईपटू कोपऱ्यावर गेला आणि कोपरारक्षकाने डॅश मारून त्याला बाहेर काढलं, तर तो बाद. धक्का नसता तर मध्यरेषेपर्यंत पोहोचला असता का, असं पंच विचारत बसत नाहीत. आमच्या गल्लीतल्या मैदानावर चुन्याची रेघ असायची. पायाला चुना लागला की विषय संपला, कितीही आरडाओरडा करा. चांगला चढाईपटू म्हणूनच रेघेपासून अंतर ठेवून खेळायचा. रेघ बचाव करणाऱ्याच्या बाजूने असते. इथेही तसंच आहे. साइडलाइन म्हणजे बचावाचा बारावा गडी, आणि कधी न दमणारा.

आजोबांचा एक मुद्दा मात्र मला खरोखर अडवतो. आजही नियम असा आहे की डिफेंडरने हवेतल्या रिसीव्हरला धरून, उचलून बाहेर नेलं तर कॅच ग्राह्य. मग उचललं तर कॅच आणि ढकललं तर नाही, हा कुठला न्याय? बराच विचार केला यावर. धरून नेणं डोळ्यांना दिसतं. कवळा घातलेला असतो, पावलं डिफेंडरची पडत असतात. धक्क्यात मात्र माणूस कुठे उतरला असता याचा अंदाजच बांधावा लागतो. फरक बारीक आहे, पण माझ्यासाठी सगळं त्यातच आलं.

आता मुलाचा एक पाय.

तो शाळेच्या संघात रिसीव्हर आहे. शाळेच्या नियमाने त्याला एकच पाय लागतो, पण सराव करतो दोन पायांचा. मागच्या अंगणात आम्ही एक पांढरी दोरी ताणून ठेवली आहे. मी फेकतो, मुद्दाम दोरीच्या पलीकडे. पहिल्या आठवड्यात तो चेंडूकडे बघायचा आणि दोरी तुडवायचा, नाहीतर दोरीकडे बघायचा आणि चेंडू सोडायचा. आता अंग सगळं बाहेर झोकून देतो, हात बाहेर, डोकं बाहेर, आणि पाय मागेच ठेवतो, जणू ते त्याचे नाहीतच. चवडे ओल्या गवतावर खरडत येतात. उठला की पहिल्यांदा खाली वाकून बघतो: दोन चरे, वीतभर लांब, दोरीच्या अलीकडे. बुटांची टोकं हिरवी झाली आहेत आणि डाव्याचा शिवणीचा दोरा सुटला आहे. आणि हाच मुलगा मला सांगतो की एक पाय पुरे! मी त्याला म्हटलं, बाळा, एक पाय पुरला असता तर तू हे शिकलाच नसतास.

१ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, आठवा. जुना नियम काढल्यानंतरचा पहिलाच मोसम. शेवटची ३५ सेकंदं उरली होती. स्टीलर्सच्या रॉथलिसबर्गरने कोपऱ्यात फेकलेला चेंडू तीन डिफेंडरांच्या वरून सँटोनियो होम्सने घेतला, शरीर बाहेर कलंडलेलं आणि दोन्ही चवडे हिरव्यावर टेकलेले. स्टीलर्स २७-२३ ने जिंकले, आणि हरले ते तेच कार्डिनल्स. स्टीलर्स आमचे जुने वैरी, त्यांचं नाव काढलं की आमच्या घरात कुणी घास गिळत नाही, तरी सांगतो, मी आजवर पाहिलेला सर्वांत सुंदर कॅच तो. एका पायाच्या नियमात तो नुसता एक चांगला कॅच ठरला असता.

तीन वर्षांनी सुपर बोलमध्येच जायंट्सच्या मॅनिंगहॅमने तेच केलं, डाव्या कडेला, ३८ यार्डांच्या फेकीवर, तेही संघ स्वतःच्या टोकापासून १२ यार्डांवर अडकलेला असताना. समोरच्या संघाचा प्रशिक्षक बेलिचिकने आव्हान दिलं, रिप्ले पाहिला, दोन पाय आतच होते, वर त्याचा एक टाइम-आउट (खेळ थांबवायची संधी) गेला. पाहायचं काय हे ठरलेलं होतं, म्हणून निकालही स्वच्छ लागला. कृत्रिम गवतावर तर चवडा टेकला की रबराचे काळे कण उडतात, तेही स्लो मोशनमध्ये दिसतात.

शिवाय डिफेंडरकडे आता उरलंय काय? १९७८ पासून, चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेपासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला अडवायला हात लावायची सोय नाही. नंतर वर्षागणिक नियम फेकणाऱ्यांच्याच बाजूने झुकत गेले. आता एक पाय पुरेसा केला तर क्वार्टरबॅकने, म्हणजे फेकणाऱ्याने, कडेला चेंडू टाकत राहायचं आणि डिफेंडरने बघत राहायचं. एका बाजूच्या हातातली शेवटची ढाल काढून घेतल्यावर उरतो तो खेळ मला बघायचा नाही.

बदल हवाच असेल तर मला एक हवा आहे. २०१५ साली पॅट्रियट्स या संघाने प्रस्ताव मांडला होता की मैदानाच्या सगळ्या हद्दींवर कायमचे कॅमेरे बसवा. खर्चाचं कारण पुढे आलं आणि ते राहिलं. ज्या लीगमध्ये अब्जावधी डॉलर फिरतात तिथे खर्चाचं कारण! नियम बदलायला ३२ पैकी २४ संघमालकांची मतं लागतात, आणि ती मतं या कॅमेऱ्यांसाठी मिळवा. पाय आत की बाहेर हे नेमक्या रेषेवरून दिसू द्या. आत्ताही कधीकधी चित्रण तिरकं असतं, मध्ये कुणाचा तरी पाय येतो, आणि मैदानावर जे ठरलं तेच कायम राहतं. खरा अन्याय तिथे होतो.

आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, कॅमेऱ्यांचं पटलं, विन्सलोचं नाही.

रविवारी पुन्हा येणार आहेत.