सव्वा हातभर फक्की आणि निळा ट्रॅक

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन महिन्यांपासून एकच विषय चालू आहे: दादाच्या पोरानं बारावीनंतर कुठं जायचं. पोरगा ८०० मीटर पळतो. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात, काळ्या मातीच्या मैदानावर, हातातल्या घड्याळावर १ मिनिट ५८ सेकंद. फक्की मारून आखलेला ट्रॅक, पाऊस पडला की बुटाला शेरभर चिखल. त्या मानानं वेळ वाईट नाही.

घरात तीन मतं आहेत. दादाचं मत पोलीस भरती. मुलांसाठी १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोराला १६०० चे वीस तर खिशातच आहेत, म्हणे. वहिनीला पुण्याचं मोठं कॉलेज हवंय, खेळाडू कोट्यातून. आणि लातूरच्या आमच्या चुलतभावाला एक एजंट भेटलाय, जो अमेरिकेतली ‘फुल स्कॉलरशिप’ मिळवून देतो. त्याची फी ऐकून मी फोन खाली ठेवला. मग अर्थातच निरोप आला, ‘तू तिकडंच आहेस ना, बघ जरा.’

मी अकरा वर्षांपासून आयोवात, डेस मॉइन्सला राहतो. गावाबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. दादाला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाला, ‘मग लातूरच की.’ दरवर्षी एप्रिलच्या शेवटी इथं ड्रेक रिलेज ही अॅथलेटिक्सची मोठी स्पर्धा होते, तिथला ट्रॅक निळा आहे. चहाचा थर्मास घेऊन मी दिवसभर बसतो. त्यामुळं थोडंफार कळतं, आणि जे कळतं ते एजंटच्या बोलण्याशी जुळत नाही.

इथल्या कॉलेजांच्या खेळात सर्वात वरची पातळी म्हणजे डिव्हिजन वन. तिथं पुरुषांच्या अॅथलेटिक्स आणि क्रॉस कंट्री मिळून एका संघाला आत्ताआत्तापर्यंत जास्तीत जास्त १२.६ शिष्यवृत्त्या देता येत, महिलांच्या संघाला १८. हा फरक कसा पडला? एकट्या अमेरिकन फुटबॉलच्या मुलांनाच ८५ शिष्यवृत्त्या जात. १९७२ च्या कायद्यानं मुलं-मुली समान ठेवायच्या म्हटल्यावर तो तोल मुलांच्या बाकीच्या खेळांतून काढला गेला. त्या साडेबारा शिष्यवृत्त्या तीस-चाळीस पोरांत वाटायच्या. कुणाला फीचा चौथा हिस्सा, कुणाला नुसती पुस्तकं. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीत जी कॉलेजं सामील झाली, त्यांची शिष्यवृत्तीची ती मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात माणसं किती ठेवायची याची मर्यादा आली, अॅथलेटिक्सला ४५. पैसे द्यायची परवानगी मिळाली म्हणून प्रत्येक कॉलेज देईलच असं नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळाची शिष्यवृत्तीच नाही, आणि हार्वर्ड-येलच्या मंडळींकडंही नाही.

अजून एक गोष्ट एजंट सांगत नाही. ‘आधी एक-दोन वर्षं इथं बी. ए. करू, मग अमेरिका बघू,’ असा बेत असेल तर डिव्हिजन वनचं घड्याळ, म्हणजे तिथं खेळायला मिळणाऱ्या ठरावीक वर्षांची मोजणी, गावातच सुरू होतं. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्ण वेळ प्रवेश घेतला की ते धावायला लागतं.

तेजस्विन शंकरचं नाव एजंटनं घेतलं होतं. कॅन्सस स्टेटमधून २०१८ आणि २०२२ मध्ये तो उंच उडीत कॉलेजांचा विजेता झाला, खरंच. पण तिथं जाण्याआधी, सतराव्या वर्षीच, त्यानं २.२६ मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रम मोडला होता. आमच्या पोराच्या १:५८ ला डिव्हिजन वनचा प्रशिक्षक शिष्यवृत्ती देणार नाही. हे मला लिहायला जड गेलं, पण वहिनीला स्पष्ट लिहिलं.

आणि बीडवाल्यांनी साबळेचं नाव नाही घेतलं तर काय! आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश. तो बारावीनंतर कॉलेजात नाही, सैन्यात गेला. सियाचेनला राहून आला. पळणं खऱ्या अर्थानं सैन्यातच सुरू झालं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसला (अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत) ८:११.२० मध्ये रौप्य आणि २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. तोही अमेरिकेत कोलोरॅडोला सरावाला गेला, पण सगळ्यात शेवटी. म्हणून दादाच्या वर्दीला मी हसत नाही. फक्त भरतीच्या तयारीत पोराचा ८०० चा वेग मरतो, एवढंच म्हणणं आहे.

मग इथून घेण्यासारखं काय? मागच्या वर्षी सरावाच्या मैदानात एक पोरगा मध्येच मांडी धरून थांबला. प्रशिक्षक पोहोचायच्या आधी संघाची ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारी बाई, बर्फाची पिशवी घेऊन बसलेली होती. तिनं त्याचा पाय हळूच वाकवून बघितला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दिवशीची शर्यत रद्द केली. पोरगा रडत होता, तिनं ऐकलं नाही. मला माझं दुसरं वर्ष आठवलं. खेळाडू कोट्यातून घेतलं होतं मला मराठवाड्यातल्या एका कॉलेजानं. मैदानावर फक्की पडायची ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दोन दिवस आधी, सव्वा हात रुंदीची, वेडीवाकडी. ट्रॅकसूट फोटोपुरता मिळायचा आणि लगेच परत घ्यायचे, सही करून. मांडीचा स्नायू फाटला तेव्हा क्रीडा विभागानं आयोडेक्स दिलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढचं वर्ष माझं आलंच नाही.

म्हणून पुतण्याला मी एवढंच सांगितलं की पुण्याचं असो, संभाजीनगरचं असो, कॉलेजचं नाव शेवटी विचार. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तिथंही जाऊन ये. पण ऑफिसात नको बसू, सकाळी सहाला मैदानावर उभा राहा. मधल्या पल्ल्याची पोरं किती आहेत, घड्याळ कुणाच्या हातात आहे, ते बघ. मग त्या पोरांना बाजूला घेऊन विचार, मागच्या वर्षी दुखापत झालेला पोरगा आता कुठाय.

परवा तो दोन ठिकाणी जाऊन आला. एका ठिकाणी मैदानावर लग्नाचा मांडव होता. दुसऱ्या ठिकाणी सरांनी त्याला विचारलं, ‘फेऱ्या सांग.’ त्यानं सांगितलं, पहिली ५६, दुसरी ६२. सर म्हणाले, ‘पहिली हळू पळायला शीक, मग ये.’ फोनवर तो थोडा नाराज होता. मग म्हणाला, ‘काका, पण त्यांनी दोनदा विचारलं, मांडी कधी दुखते का.’