हप्ता वयावर की कमाईवर?

आई फोनवर म्हणाली, "त्या पॉलिसीतून माझं नाव काढायला सांग की तुझ्या भावाला. बाबांचं तेवढं राहू दे. मला काय झालंय?"

आईला साखर आहे, दोन्ही गुडघे गेलेत, वय 63. नूतनीकरणाची नोटीस आली होती आणि दोघांचा मिळून हप्ता 61 हजारांवर गेला होता. तीन वर्षांपूर्वी तो 38 हजार होता. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला तेव्हा भावाने आनंदाने फोन करून सांगितलं होतं. पण तोवर बाबांचा वयोगट बदलला होता, आणि ती सगळी सूट या एका नोटिशीने गिळली.

मी अकरा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला राहते. माहेर सोलापूरचं, अशोक चौकाजवळचं. भावाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे आठ माग आहेत. आमच्या फोनवर पावसाइतकीच विम्याचीही चौकशी होते, कारण दीड वर्षापूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि पॉलिसी म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा खरं कळलं.

तीन लाखांची पॉलिसी. त्यात खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या एक टक्का मर्यादा, म्हणजे रोजचे तीन हजार. त्या रात्री दवाखान्यात सहा हजारांची खोली तेवढी रिकामी होती. भावाला वाटलं, तीन दिवसांचा फरक, नऊ हजार भरू. पण खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची निघाली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. औषधं आणि स्टेंट तेवढे त्यातून वगळलेले. अडीच लाखांच्या वर बिल झालं आणि 74 हजार आमच्या खिशातून गेले. कुणी फसवलं नाही, पॉलिसीच्या कागदात बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाच्या मुलाने रात्री अडीच वाजता ते वाचायचं, अशी अपेक्षा करणंच मला अन्यायाचं वाटतं.

"मग सरकारी योजना आहे की," असं नातेवाईक म्हणतात. आहे, आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. जुलै 2012 मध्ये जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. आज तिला महात्मा फुले यांचं नाव आहे, 2023 च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्यांसाठी कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण ठरलं. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान कार्डही मिळतं. आमच्या गल्लीतल्या दोन माणसांची हृदयाची ऑपरेशनं योजनेतून झाली, एक पैसा न देता. पण बाबांना ज्या दवाखान्यात नेलं तो योजनेत नव्हता, आणि त्या घटकेला कुठला आहे हे शोधत फिरणं शक्य नव्हतं. शिवाय योजना चालते ती दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांवर. आईच्या साखरेच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, गुडघ्याची औषधं यांना तिथे जागा नाही.

म्हणून घरातला वाद कायम याच वळणावर येतो: सरकारी योजनेवर भरवसा ठेवायचा की खासगी पॉलिसी घ्यायची? इथे राहून माझं मत झालंय की या वादात मूळ मुद्दा सुटतो. हप्ता कशावर मोजायचा, वयावर आणि आजारावर की कमाईवर, हा तो मुद्दा.

माझ्या पगारातून दर महिन्याला आरोग्य विम्याची वर्गणी कापली जाते. मूळ दर पगाराच्या 14.6 टक्के, वर विमा मंडळागणिक बदलणारी जादा वर्गणी. निम्मी मी देते, निम्मी कंपनी. मला थायरॉइड आहे की नाही, वय 30 की 60, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. पहिली दोन वर्षं नवऱ्याला नोकरी नव्हती तेव्हा तो आणि मुलगी माझ्याच विम्यात, जादा पैसे न देता. बाळंतपणात रुग्णालयात गेले, चिप असलेलं कार्ड दाखवलं, घरी आले. एरवी रुग्णालयात राहिलं की रोजचे दहा युरो आपण भरायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस.

याची किंमतही आहे, ती लपवणार नाही. कापली जाणारी रक्कम मोठी आहे आणि जादा वर्गणी वाढतेच आहे. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मला चार महिन्यांनी मिळाली. सोलापुरात संध्याकाळी चिठ्ठी लावली की रात्री तपासून घरी येता येतं. आणि ज्यांचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर आहे त्यांना या सार्वजनिक विम्यातून बाहेर पडून खासगीत जाता येतं, त्यांना डॉक्टरही लवकर भेटतात. ही वाट बंद करायला हवी असं मला वाटतं.

तरी भावाला हे सांगितलं की तो म्हणतो, "ताई, ते जर्मनी आहे." तेव्हा मी त्याला आजोबांची आठवण देते. आजोबा लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते. त्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जायचे आणि आजीचं औषधसुद्धा त्याच कार्डावर यायचं. 1948 च्या कायद्याने आलेली ही ईएसआय आजही तशीच मोजते: कामगाराचे पगाराच्या 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. म्हातारी आई विम्यात आहे म्हणून कुणाचा हप्ता वाढत नाही. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल तक्रारी आहेत हे मला ठाऊक आहे, पण मोजण्याची रीत न्याय्य आहे आणि ती आपल्याच घरची आहे.

फरक पडला तो पुढे. जर्मनीने 1883 मध्ये गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांपासून सुरुवात केली आणि वाढवत वाढवत 1972 मध्ये शेतकऱ्यांनाही आत घेतलं. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या, काम मागांच्या छोट्या शेडमध्ये गेलं, आणि विमा गिरणीच्या दारातच राहिला. दहापेक्षा कमी माणसं असली की सक्ती नाही, 21 हजारांच्या वर पगार गेला की बाहेर. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत छोट्या कारखान्यांना स्वेच्छेने येता येतं, पण आठ मागांचा मालक स्वतः कुठेच बसत नाही.

कुणी म्हणेल, ज्यांच्या कमाईची नोंदच नाही त्यांच्याकडून टक्के कसे घेणार? याचं उत्तर आमच्या शेजारच्या बायकांकडे आहे. त्या बिड्या वळायच्या, आणि 1976 च्या कायद्याने बिडीवर उपकर होता. पगारपत्रक लागत नव्हतं, तयार झालेल्या मालावर उपकर बसे आणि त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने चालत. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर रद्द झाला. मालावर वर्गणी घेता येते हे सोलापूरने अनुभवलेलं आहे. मागांच्या शेडला तर वीजमीटर आहे, सवलतीच्या विजेसाठी नोंद आहे. मागामागे वर्गणी का ठरू नये, ज्यात मालक, कामगार आणि दोघांची घरं येतील?

मागच्या रविवारी भावाला विचारलं, मागामागे महिन्याला किती देशील? त्याने थोडा वेळ हिशेब केला असावा, मागे मागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"तीनशे देतो की. आठ मागांचे चोवीसशे. पण भरायचे कुठं, ते सांग."

वर्षाचे 28,800 होतात, आईबाबांच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. हप्त्याचे 61 हजार या वेळी मी पाठवले. आईचं नाव पॉलिसीत ठेवलंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.