उशीखालचा उजेड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या आठवड्यात विजेरीच्या पहिल्या दिवसांवर मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. आभार मानून दोन ओळींत मोकळं होता आलं असतं, पण तुमचे आक्षेप वजनाचे आहेत, म्हणून सवडीने लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुंडीतल्या दिव्याची गोष्ट मी खात्री न करता दिली, त्याआधीच पॅरिसमध्ये असे दिवे करणाऱ्या त्रूव्हेचं नावसुद्धा घेतलं नाही, अशा तुमच्या दोन तक्रारी आहेत. तिसरी सगळ्यांत मोठी : क्षणभर लागून विझणाऱ्या, श्रीमंतांच्या खेळण्याला मी 'घरातला दिवा' म्हटलं. तुम्ही लिहिलंत, "घरातला दिवा म्हणजे ज्याच्याखाली मूल बसून अभ्यास करू शकतं तो. आपल्याकडे तो कंदील होता. यात विजेरीचा काय संबंध?"

कुंडीचं आधी. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जोशुआ लायनेल कोवेन याने कुंडीतल्या रोपावर उजेड पाडणारी एक नळी केली, ती कॉनराड ह्यूबर्टला देऊन टाकली आणि ह्यूबर्टने तिचीच विजेरी बनवली, ही गोष्ट मी जशी ऐकली तशी लिहिली. कोवेन पुढे खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध झाला आणि ही हकीकत त्याच्याच सांगण्यातून पसरली. कागद मात्र वेगळं बोलतो. 10 जानेवारी 1899 रोजी मिळालेलं अमेरिकन पेटंट, क्रमांक 617592, डेव्हिड मिसेल या माणसाच्या नावावर आहे. मिसेलने ते ह्यूबर्टच्या 'अमेरिकन इलेक्ट्रिकल नॉव्हेल्टी अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी'ला दिलं होतं. ह्यूबर्ट हा मिन्स्कहून न्यूयॉर्कला आलेला धडपड्या व्यापारी. माल ओळखणं आणि तो विकणं यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण नळीत एकामागे एक सेल घालून पुढे दिवा आणि भिंग बसवणारी रचना मिसेलची. लेखातलं वाक्य मी बदललं आहे आणि जुनं वाक्य खोडलेल्या अवस्थेत तसंच ठेवलं आहे, म्हणजे चूक काय होती ते दिसेल. मिसेलचं नाव इतकी वर्षं मागे पडलं, त्यात माझ्याकडून भर पडायला नको होती.

त्रूव्हेबद्दलही तुम्ही म्हणता ते खरं. ग्युस्ताव्ह त्रूव्हे हा विलक्षण हाताचा कारागीर होता. 1880 च्या दशकात त्याने डॉक्टरांसाठी कपाळावर बांधायचा दिवा केला, नाटकातल्या नटींच्या केसांत चमकणारे विजेचे दागिने केले, हातात धरून नेता येणारे दिवेही केले. मग मी त्याला का वगळलं? त्याच्या हातदिव्यांतली वीज यायची ती पोटॅशियम बायक्रोमेट आणि गंधकाम्ल यांच्या द्रावणातून. असा दिवा कलंडला की सांडणार, आणि सांडलं की कपडा आणि कातडी दोन्ही जाणार. प्रयोगशाळेत, रंगमंचावर, जाणत्या माणसाच्या हातात तो शोभतो. झोपलेल्या माणसाच्या उशाशी, लेकरंबाळं असलेल्या घरात तो ठेवता येत नाही. माझा लेख घराबद्दल होता. तरी हे कारण लेखातच सांगायला हवं होतं, ते आता तिथे टाकते.

वीज घरात हाताने फिरू लागली ती कोरड्या सेलमुळे. कार्ल गास्नरने 1886 मध्ये जर्मनीत त्याचं पेटंट घेतलं. त्याने नवसागराच्या पाण्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून ते घट्ट केलं आणि जस्ताच्या डब्यालाच सेलचं एक टोक बनवलं. आडवा करा, उलटा करा, काही सांडत नाही. 1896 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल कार्बन कंपनीने सहा इंच उंचीचा सेल बाजारात आणला, तो टेलिफोनसाठी जास्त खपायचा. पाठोपाठ हातात मावणारा छोटा सेल आला, तोच आपल्या बॅटरीतला जाडा सेल. मिसेलची नळी त्या मापाभोवती उभी आहे.

आता तिसरा आक्षेप. पहिल्या विजेऱ्या क्षणभरच लागत, हे मला मान्यच आहे. इंग्रजीत त्यांना 'फ्लॅशलाइट' म्हणजे लखकन चमकणारा दिवा हे नाव पडलं ते त्यामुळेच. सुरुवातीच्या नळीवर एक पितळी पट्टी असे आणि तिच्यावर एक कडी. कडी बोटाने दाबून पट्टीला टेकवली की दिवा लागे, बोट उचललं की विझे. लावून ठेवायची सोयच नव्हती. याचं कारण सेलच्या पोटात आहे. वीज घेत राहिलं की मधल्या कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन साचतो आणि वाट अडवतो. कांडीभोवतीची काळी पूड, म्हणजे मँगनीज डायॉक्साइड, तो शोषून घेते खरी, पण सावकाश. सेलला मध्ये मध्ये विसावा दिला तर तो पुन्हा उभा राहतो, सलग राबवला तर धापा टाकतो. त्यात दिव्याची तार कार्बनची, विजेचा सगळा पैसा उष्णतेत घालवणारी. 1910 च्या सुमारास विल्यम कूलिजने टंगस्टनची बारीक लवचिक तार ओढून दाखवली आणि तसे दिवे विजेऱ्यांत आले, तेव्हा तेवढ्याच विजेत जवळजवळ तिप्पट उजेड मिळायला लागला.

म्हणजे पहिली दहा-बारा वर्षं या दिव्याखाली कुणाचंही मूल अभ्यास करू शकलं नसतं. तरीही मी त्याला घरातला दिवा म्हणते, कारण घरात उजेड दोन कामांसाठी लागतो. एक बसून करायच्या कामाला : जेवण, शिवण, अभ्यास, हिशेब. दुसरा उठून बघायला : किती वाजले, बाळाला ताप आहे का, दाराशी कोण आलं, पायाखाली काय आहे. पहिल्या कामात विजेरी कंदिलापुढे उभीच राहू शकत नाही, आणि ती त्यासाठी केलेलीही नव्हती. दुसऱ्या कामात तिची लढत कंदिलाशी नसून काडेपेटीशी होती. ह्यूबर्टच्या कंपनीचा आणि तिच्या मागून आलेल्यांचा माल बघा : खिशात मावणारे चपटे दिवे, उशाशी ठेवायच्या घड्याळावर बसवलेला इवलासा दिवा आणि त्याच्या दोरीच्या टोकाला दाबायचं बटण. अंथरुणातूनच बटण दाबायचं, वेळ बघायची, सोडून द्यायचं. हे खेळणं वाटतं खरं, आणि जाहिरातीत 'प्रकाश होवो' असं बायबलमधलं वाक्य घालणं ही अतिशयोक्तीच होती. पण रात्री अंधारात काडी ओढून पेटती काडी मच्छरदाणीजवळ नेणारा माणूस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या बटणाची किंमत कळेल.

तुम्ही कंदिलाचा दाखला दिलात, म्हणून आमच्या आजोळची गोष्ट सांगते. देवरुखच्या बाजूचं गाव. मी लहान होते तेव्हा तिथे वीज आलेली नव्हती. संध्याकाळी पडवीत कंदील, स्वयंपाकघरात चिमणी, आणि आजीच्या उशीखाली दोन सेलची बॅटरी. (आपल्या बोलण्यात 'बॅटरी' म्हणजे दिवा आणि आत घालायचे ते 'सेल'. विजेरी हा फार देखणा शब्द, पण तो आमच्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता. शेजारचे आजोबा चोरबत्ती म्हणायचे.) रात्री गाय व्यायला झाली की गोठ्यात जायचं असे. कंदील न्यायचा तर आधी काच वर उचला, काडी ओढा, वात पेटेपर्यंत तळवा आडवा धरा, काच खाली करा, ज्योत बारीक करा. तोवर गाय हंबरतेय. आणि गोठ्यात तर सगळीकडे वाळलेलं गवत, वर माळ्यावरही पेंढाच. आजी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन निघायची. पायरीशी थांबायची, एकदा लखकन उजेड, पायरी बघून घेतली की अंधारातच पाऊल. पुन्हा दगडी पाखाडीवर लखकन. कोकणात फुरशाची, त्या बारक्या विषारी सापाची, भीती काय असते हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. फुरसं मातीच्याच रंगाचं असतं आणि हलत नाही. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, पायाशी त्याच्याच बुडाची सावली पडते. बॅटरीचा झोत जिथे पाऊल पडणार नेमका तिथे.

त्या बॅटरीवर एक सरकवायचा खटका होता आणि त्याच्या पुढे एक लाल बटण. खटका सरकवला की दिवा लागून राहायचा. आजीने तो सरकवलेला मी कधी पाहिला नाही. ती फक्त बटण दाबायची, तेही मोजून. मी खटक्याला हात लावला की म्हणायची, "बटण दाब गो, सेल उतरतात." मिसेलची कडी तिने पाहिली नव्हती, सेलमधला हायड्रोजन तिला ठाऊक नव्हता, पण तिचा अंगठा 1899 सालच्या त्या दिव्याची रीत जशीच्या तशी पाळत होता. सेल उतरलेच तर ती ते दुपारच्या उन्हात अंगणाच्या कडेला ठेवायची. आत उष्णता गेली की रासायनिक क्रिया जरा वेगाने होते आणि आणखी दोन-चार रात्री निघतात. तुम्ही ज्याला 'क्षणभर लागून विझणारं' म्हणता, तो क्षण ती जपून वापरत होती. म्हणून तुमचं 'खेळणं' वाचताना मला वाईट वाटलं, हे मोकळेपणाने सांगते.

पैशांबद्दल मात्र तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. रॉकेल बाटलीने, पावशेराने आणता यायचं, सेल जोडीनेच घ्यावे लागत. आमच्या गावात बॅटरी सगळ्या घरांत नव्हती. आजीकडेही ती आली मामा मुंबईला गिरणीत लागल्यावर, त्याच्या ट्रंकेतून. ज्या घरात ती नव्हती तिथली माणसं रात्री आमच्याकडे मागायला यायची, आणि विंचू चावल्याच्या रात्री ती कुणी नाकारत नसे.

'यात विजेरीचा काय संबंध' या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आपल्या जमिनीत आहे. सेलमधली ती काळी पूड. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजची उघडी खाण आहे, आणि तिथून निघणारं मँगनीज डायॉक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. कोलकात्यात 1939 मध्ये एव्हरेडीच्या सेलचा कारखाना सुरू झाला, 1958 मध्ये लखनौला विजेऱ्यांचा. हे सगळं अमेरिकेतच घडलं असं मानून आपण बाजूला उभं राहू शकत नाही. आणि दुसरीकडूनही नाही राहू शकत : सेल बनवणारी इथली कंपनी 1959 पासून युनियन कार्बाइड इंडिया या नावाने चालत होती, आणि 1984 नंतर भोपाळ आठवल्याशिवाय ते नाव उच्चारता येत नाही. उजेडाच्या इतिहासावर लिहायचं तर हेही लिहायला हवं, आणि माझ्या लेखात ते नव्हतं. तुम्ही हा आक्षेप घेतला नाहीत, मी स्वतःच घेते.

शेवटी तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मला विसरता येत नाही. वडिलांची जुनी बॅटरी अजून कपाटात आहे, पण मागचं झाकण उघडत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. बहुधा आत सेल फुटून गळले असतील. ठोकू नका, पक्कडही लावू नका, पितळेचा पत्रा पातळ असतो, लगेच दबतो. माझ्या आजीची बॅटरी मी एका दुकानात सेल काढायला दिली होती, त्यांनी नळीलाच पोचा पाडून परत दिली. झाकणाच्या आट्यांवर थोडं मशीनचं तेल सोडा आणि दोन दिवस उलटी ठेवा, मग फडक्यात धरून हलक्या हाताने फिरवा. आत पांढरी-हिरवट पूड असेल तर हातमोजे घाला. जुन्या जस्ताच्या सेलची गळती आम्ल असते, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसा. व्हिनेगर नको, ते हल्लीच्या अल्कलाइन सेलसाठी. झाकणाच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या मागे बघा. पुष्कळ बॅटऱ्यांत तिथे एक जादा बल्ब ठेवलेला असतो. तुमच्या वडिलांनी ठेवला असेल तर मला नक्की कळवा.